गॅरेजच्या १६ फुटी दारावर गर्डर कोणता टाकायचा? नागपूरच्या घरांसाठी हिशेबासकट

मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर, हिंगणा रोड, कुठल्याही लेआउटमध्ये फिरा. ३० बाय ५० चा प्लॉट, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेलं घर, समोर स्कूटरपुरती जागा. आता घरात दोन गाड्या आल्यात आणि रस्त्यावर लावायला जागा उरलेली नाही. मग समोरच्या खोलीची भिंत काढून १६ फुटी शटर बसवायचं ठरतं. मिस्त्री म्हणतो, "तीनशेचा गर्डर टाकून घ्या भाऊ, काही होत नाही." तीनशेचा म्हणजे ३०० मिमी उंचीचा. आपण लोहाओळीत, लोखंडाच्या बाजारात, जाऊन भाव काढतो, आणि कोणीही न विचारलेला प्रश्न तसाच राहतो: त्या गर्डरवर नेमकं काय बसणार आहे?

माझं म्हणणं थोडक्यात असं. घरातला गर्डर सहसा तुटत नाही, त्याला झोळ पडतो. झोळ पडला की वरच्या भिंतीला तिरपे तडे जातात, खिडक्या अडकतात, टाइल्स उचकटतात. म्हणून गर्डर ताकदीवर नाही, झोळावर निवडायचा. आणि गर्डर कितीही चांगला असला तरी त्याची दोन टोकं कशावर टेकली आहेत ते पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

खालचा हिशेब वाचून तुम्ही स्वतः डिझाइन करावं असा हेतू नाही. सही स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच लागते. पण त्याच्याशी, मिस्त्रीशी आणि दुकानदाराशी बोलताना आकडे आपल्या हातात असले की कामाचा दर्जा बदलतो.

आधी घर कोणत्या प्रकारचं ते ओळखा

भिंतींवर उभं असलेलं घर, म्हणजे लोड बेअरिंग, आणि कॉलम-बीमचं घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरची भिंत ९ इंची, आतल्याही बऱ्याच भिंती ९ इंची, कोपऱ्यात कॉलमचा कुठे पत्ता नाही आणि स्लॅब थेट विटांवर टेकलेला, असं दिसलं तर घर भिंतींवर आहे. तिथे समोरची भिंत काढणं म्हणजे घराचा एक पाय काढणं. हा लेख त्या घरांसाठी आहे.

कॉलम-बीमचं घर असेल आणि तुमच्या १६ फुटांच्या मध्ये एक कॉलम येत असेल, तर इथेच थांबा. मधला कॉलम काढणं हे गर्डर टाकण्याचं काम नाही. वरच्या सगळ्या मजल्यांचा भार एका बिंदूवर येतो आणि खालचे आकडे तिथे लागू पडत नाहीत. मध्ये कॉलम नसेल, नुसती भरावाची भिंत असेल, तर वर बीम आधीच आहे आणि कदाचित गर्डरची गरजच नाही. प्लास्टर थोडं फोडून पाहा.

घर नवीनच बांधत असाल तर लोखंडाच्या मागे लागू नका. सेंट्रिंग लागलेलंच असतं, सळई आलेलीच असते, आरसीसी बीम स्वस्त पडतो आणि गंजाची चिंता कमी. गर्डरचा खरा उपयोग चालू घरात, जिथे ओलं काम कमी हवं आणि डोक्यावरची उंची मोजून-मापून आहे.

परवानगीचं एकच वाक्य: भार पेलणारी भिंत काढणं ही किरकोळ दुरुस्ती नाही. तुमचा लेआउट महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास की महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांपैकी कोणाच्या हद्दीत येतो ते पाहून नोंदणीकृत इंजिनिअरमार्फत कागद करून घ्या.

गाळा: दोन फुटांची हौस महाग पडते

बोलायला आपण १६ फूट म्हणतो. हिशेबात दोन टेकणांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर धरायचं. समजा दोन खांबांमधला खुला गाळा ४.८ मीटर आहे आणि गर्डर दोन्हीकडे २०० मिमी टेकतो. मग हिशेबाचा गाळा ५ मीटर आणि कापून आणायची लांबी ५.२ मीटर.

हा आकडा ठरवताना घाई करू नका, कारण झोळ गाळ्याच्या चौथ्या घाताने वाढतो. झोळाची मर्यादा गाळ्याच्या प्रमाणात धरली तरी गर्डरचा ताठपणा गाळ्याच्या घनाने वाढवावा लागतो. ५ मीटरच्या जागी ५.६ मीटर केले, म्हणजे अवघे दोन फूट वाढवले, तर ४० टक्के जास्त ताठ गर्डर लागतो. उलट मध्ये एक खांब घेऊन ८-८ फुटांची दोन दारं केली, तर प्रत्येक गाळ्याला एका मोठ्या गर्डरच्या साधारण सातव्या हिश्श्याचा ताठपणा पुरतो. मोठी एसयूव्ही आरशांसकट दोन मीटरच्या वर जाते, म्हणून ८ फुटांतून गाडी काढताना थोडा सराव लागतो. घरात नव्याने गाडी शिकणारं कोणी असेल तर १६ फूट घ्या. नसेल तर मधला खांब हा मला नेहमीच शहाणपणाचा पर्याय वाटतो. पण लोकांना तो आवडत नाही, हेही खरं.

वर काय बसलंय ते किलोत मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक उदाहरण घेऊ: खाली गॅरेज, वर एक खोली, त्यावर गच्ची. समोरची खोली भिंतीपासून आत ३.५ मीटर खोल. सगळे आकडे गर्डरच्या एका मीटर लांबीसाठी.

वरच्या मजल्याची भिंत: ९ इंची वीटकाम म्हणजे २३० मिमी. विटांचं वजन घनमीटरला सुमारे २,००० किलो. दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून चौरस मीटरला ५०० किलो. उंची ३ मीटर, म्हणून १,५०० किलो. खिडकीची वजाबाकी करण्याचा मोह होतो, करू नका.

पहिल्या मजल्याचा स्लॅब: ५ इंची, म्हणजे १२५ मिमी. आरसीसी घनमीटरला २,५०० किलो, म्हणून चौरस मीटरला ३१०. टाइल्स आणि खालचा मसाला १२०. माणसं, पलंग, कपाटं यांचा भार घरांसाठी आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकात २०० किलो धरलेला आहे. एकूण ६३०. खोली ३.५ मीटर खोल, तिचा अर्धा भार मागच्या भिंतीवर आणि अर्धा समोरच्या गर्डरवर. म्हणून १.७५ मीटरची पट्टी, १,१०० किलो. चारही बाजूंनी टेकलेल्या स्लॅबला इंजिनिअर त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडून हा आकडा थोडा खाली आणेल. आपण सुरक्षित बाजूने राहू.

गच्ची: तोच स्लॅब ३१०, वर विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंग कोबा साधारण २००, आणि लोक चढतात त्या गच्चीचा भार १५०. एकूण ६६० गुणिले १.७५, म्हणजे १,१६० किलोच्या आसपास. जुन्या घरांत गळती थांबवायला कोब्यावर कोबा चढवलेला असतो. एका कोपऱ्यात खोदून जाडी मोजा, हा आकडा बघता बघता वाढतो.

कठडा: साडेचार इंची, १ मीटर उंच, प्लास्टरसकट ३०० किलो. गर्डरचं स्वतःचं वजन ५०.

बेरीज ४,११० किलो, म्हणजे मीटरला ४१ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलो). पाच मीटरवर एकूण साडेवीस टन. मिस्त्रीने "काही होत नाही" म्हटलं तेव्हा हा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता.

पाण्याची टाकी समोरच्या भिंतीवर किंवा तिच्या जवळ असेल तर १,००० लिटरला एक टन वेगळा धरा. उन्हाळ्यात समोरच्या खिडकीला टांगलेला भरलेला कूलर मात्र या साडेवीस टनांत कुठे हरवतो ते कळतही नाही.

आता एक गैरसमज. खिडकीच्या लिंटेलवर फक्त त्रिकोणी भाग टेकतो, बाकी भिंत कमानीसारखी आपला भार आपण पेलते, असं मिस्त्री सांगतात. तीन-चार फुटांच्या खिडकीला ते खरं आहे. पण ६० अंशांचा तो त्रिकोण ५ मीटर गाळ्यावर काढला तर त्याचं टोक ४.३ मीटर उंच जातं. वरची भिंत ३ मीटरची, शिवाय तिच्यात खिडकी. कमान तयार व्हायला जागाच नाही. सगळी भिंत धरा.

आणि एक सोय. वरची भिंत नव्याने बांधायची असेल तर ८ इंची एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेले हलके काँक्रीटचे ब्लॉक, वापरा. प्लास्टरसकट चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास, म्हणजे १,५०० च्या जागी ६००. एकूण भार ४१ वरून ३२ वर येतो. गर्डर एक पायरी लहान होतो ते पुढे दिसेलच. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेमुळे आपल्याकडे फ्लाय अॅशच्या विटा मुबलक मिळतात, पण वजनात त्या लाल विटेपेक्षा फार हलक्या नाहीत. हलकेपणा हवा असेल तर एएसीच.

दोन गुणाकार

गाळा मीटरमध्ये आणि भार किलोन्यूटन प्रति मीटरमध्ये घ्या. दोन्ही टोकं साधी टेकलेली आणि भार सारखा पसरलेला असेल, तर सूत्रं आवरून इतकीच उरतात.

ताकदीसाठी: ०.८२५ × भार × गाळा × गाळा. उत्तर येतं प्लास्टिक सेक्शन मॉड्यूलस, म्हणजे गर्डरच्या आकारातून येणाऱ्या ताकदीचं माप, घन सेंमीमध्ये. यात आयएस ८००:२००७ या लोखंडी बांधकामाच्या कोडप्रमाणे भाराला १.५ चा आणि लोखंडाला १.१ चा सुरक्षा गुणांक धरला आहे, आणि लोखंड आयएस २०६२ चं ई २५० प्रतीचं आहे.

झोळासाठी: वरची भिंत जुनी, आधीपासून उभी असेल तर ३.९१ × भार × गाळ्याचा घन. भिंत नंतर बांधणार असाल तर ३.९१ च्या जागी ३.२६. उत्तर येतं मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे आकारातून येणाऱ्या ताठपणाचं माप, सेंमीच्या चौथ्या घातात. पहिल्यात झोळाची मर्यादा गाळ्याच्या ६०० व्या भागाची आहे, दुसऱ्यात ५०० व्या.

इथे इंजिनिअरही कधी कधी हरकत घेतात, "कोडमध्ये तर ३६० आहे." आहे. पण आयएस ८०० मधली ती मर्यादा चल भारासाठी, म्हणजे माणसं-सामानासाठी आहे. आपल्या ४१ मध्ये चल भार फक्त ६ आहे, उरलेले ३५ भिंत आणि स्लॅबचे. नव्या बांधकामात हा ३५ चा झोळ बांधतानाच पडून जातो आणि प्लास्टरमध्ये समपातळी करता येतो. चालू घरात मात्र जुनी, कडक, प्लास्टर झालेली भिंत टेकू काढल्यावर एका दिवसात त्या झोळावर बसते. ३०० चा गर्डर कोडची चल भाराची मर्यादा आरामात पास करतो, जेमतेम ३ मिमी झोळ. तडे मात्र उरलेल्या १६ मिमीने जातात.

आपल्या उदाहरणात ताकदीसाठी ०.८२५ × ४१ × २५ = ८४६ घन सेंमी. झोळासाठी ३.९१ × ४१ × १२५ = सुमारे २०,०४०.

आता तक्त्यातले गर्डर ताडून पाहा. आयएसएमबी म्हणजे बाजारातला नेहमीचा आय आकाराचा गर्डर, पुढचा आकडा त्याची मिमीतली उंची. आयएसएमबी ३०० चा प्लास्टिक मॉड्यूलस ६५२, इनर्शिया ८,६०४. ताकदीतही नापास, आणि झोळ १९ मिमी. तरी असे गर्डर टाकलेली घरं उभी दिसतात. कारण रोजच्या भारात लोखंडातला ताण चौरस मिमीला २२३ न्यूटन येतो आणि ते २५० ला नमतं. म्हणजे घर उभं आहे ते सुरक्षेची सगळी शिल्लक खाऊन.

आयएसएमबी ३५०: मॉड्यूलस ८९०, ताकदीत पास. इनर्शिया १३,६३०, झोळ १२ मिमी. बरेच ठेकेदार इथे थांबतात, कारण "डिझाइन पास झालं."

आयएसएमबी ४००: मॉड्यूलस १,१७६, इनर्शिया २०,४५८, झोळ ८ मिमी. जुन्या भिंतीखाली हाच.

३५० आणि ४०० मधला वजनाचा फरक मीटरला ९ किलोंचा. ५.२ मीटरच्या गर्डरवर तो ४८ किलो होतो. सेंट्रिंग, टेकू, मजुरी, फुटिंग यांच्या खर्चापुढे ४८ किलो लोखंड म्हणजे काहीच नाही, आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात.

वरची भिंत एएसीने नवी बांधणार असाल तर भार ३२. झोळासाठी ३.२६ × ३२ × १२५ = १३,०४०. म्हणजे ३५० चालतो.

दुकानात

फॅब्रिकेटरला दोन चॅनल (सी आकाराचे) जोडायची फार हौस असते, कारण चॅनल त्याच्याकडे पडलेलेच असतात. दोन ३०० च्या चॅनलची जोडी मीटरला ७१.६ किलो भरते आणि तिचा इनर्शिया १२,७२५. म्हणजे ५.२ मीटर लांबीत ४०० च्या एकट्या गर्डरपेक्षा ५० किलो जास्त लोखंड घालून झोळ १३ मिमी. उंची हाच ताठपणाचा आधार आहे. गर्डर उंच घ्या, जाड नव्हे.

समांतर फ्लँजचे, म्हणजे वरची-खालची आडवी पट्टी सगळीकडे सारख्या जाडीची असलेले, गर्डर मिळाले तर आवर्जून पाहा, दुकानदार त्यांना एनपीबी म्हणतात. एनपीबी ४०० × १८० मीटरला ६६.३ किलो, इनर्शिया २३,१३०, आणि फ्लँज १८० मिमी रुंद. आयएसएमबी ४०० चा फ्लँज १४० मिमीच असतो. ९ इंची भिंतीखाली रुंद फ्लँज बरा बसतो.

गर्डर एकसंध घ्यायचा. गिरण्यांतून तो ११-१२ मीटर लांब येतो. एका नगातून तुमचा तुकडा कापला की उरलेला दुकानदाराला दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकावा लागतो, म्हणून तो दोन आखूड तुकडे वेल्ड करून द्यायला तयार असतो. गाळ्याच्या मध्यावर जोड नको म्हणजे नको, तिथेच ताण सर्वाधिक असतो. भंगारातला गर्डरही नको. त्याची प्रत माहीत नसते, कुठे भोकं पाडलेली असतात, कुठे पोट गंजून पातळ झालेलं असतं. जुन्या वाड्यांत रेल्वेचे रूळ वापरलेले दिसतात, पण त्यांचा गाळा आठ-दहा फुटांचा असायचा.

भिलाईचा कारखाना जवळ आणि रायपूरच्या री-रोलिंग गिरण्याही जवळ, त्यामुळे नागपुरात माल दोन्हीकडचा येतो. मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे गिरणीचा तपासणी दाखला, मागा, त्यावरचा हीट नंबर (वितळवलेल्या खेपेचा क्रमांक) गर्डरवर मारलेल्या नंबराशी जुळवा. मग धरमकाट्यावर वजन करा. आयएसएमबी ४०० चा ५.२ मीटरचा तुकडा ३२० किलोंच्या आसपास भरला पाहिजे. दोन-अडीच टक्के इकडे-तिकडे चालतं. २९० भरला तर तो हलका माल आहे, आणि हलक्या मालाचा इनर्शिया तक्त्यातला नसतो. किलोच्या भावात पैसे कमी लागले म्हणून खूश होऊ नका.

वेब (गर्डरचं मधलं उभं पोट) आणि शिअर (टोकांजवळचा कातर जोर) तपासायचं इंजिनिअरवर सोडा. या गाळ्याला ते सहसा नडत नाही.

नडतं ते दुसरंच. गर्डरचा वरचा फ्लँज दाबाखाली असतो आणि त्याला बाजूने धरून ठेवणारं काही नसेल तर तो आडवा कलंडू पाहतो. वर स्लॅब घट्ट टेकलेला असेल तर तो धरून ठेवतो, प्रश्न मिटला. पण गर्डर स्लॅबखाली नसून नुसता दोन खांबांमध्ये मोकळा असेल, तर ३५० च्या गर्डरची ५ मीटरवरची क्षमता २०२ किलोन्यूटन-मीटरवरून ९० च्या आसपास येते, निम्म्याहून कमी. समोर पत्र्याचं शेड आणि शटर असं गॅरेज करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायचं. भार कमी दिसतो, पण वरचा फ्लँज मोकळा असतो.

टोकांखाली दहा-दहा टन

साडेवीस टनांचा अर्धा, म्हणजे सव्वादहा टन प्रत्येक टोकाशी उतरतात. आधी हाच भार पाच मीटर भिंतीवर पसरलेला होता. आता तो वीतभर जागेवर येतो.

२०० × २०० मिमीच्या प्लेटखाली चौरस मिमीला २.५६ न्यूटन दाब येतो. साध्या वीटकामावर एवढा दाब टाकायचा नसतो, जुन्या चुन्या-सिमेंटच्या मसाल्यावर तर नाहीच. काँक्रीटचा बेड ब्लॉक घालून भार पसरवता येतो, पण ०.६ न्यूटनपर्यंत उतरवायचा तर ९ इंची भिंतीत ७४० मिमी लांब ब्लॉक लागेल आणि त्याखालची भिंतही तेवढी शाबूत हवी. गॅरेजच्या दाराच्या बाजूला एवढी भिंत उरतच नाही. म्हणून दोन्ही टोकांना २३० × ३०० मिमीचे आरसीसी कॉलम घ्या, किमान एम २० काँक्रीटचे. इंजिनिअर सळई सांगेल. कॉलमच्या डोक्यात १६ मिमीची बेस प्लेट आणि चार अँकर बोल्ट. एका टोकाच्या प्लेटला लांबट भोकं ठेवा. नागपूरच्या उन्हात ३० अंशांचा फरक पडला तर ५ मीटरचा गर्डर पावणेदोन मिमी लांबतो, त्याला सरकायला वाट हवी. गर्डरच्या पोटाला टेकणावर दोन्हीकडून स्टिफनर प्लेट वेल्ड करून घ्या.

कॉलमखाली काय आहे हा खरा नागपुरी प्रश्न. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. जुन्या भिंतीचा पट्टीचा पाया सरळ भारासाठी होता, एका बिंदूवर सव्वादहा टन उतरवण्यासाठी नव्हता. काळी माती ओलांडून पक्क्या मुरमापर्यंत खोदा. माती चौरस मीटरला १० टन पेलते असं इंजिनिअरने तपासून सांगितलं, तर कॉलम आणि फुटिंगचं वजन धरून १.१ × १.१ मीटरचं फुटिंग लागतं. मुरूम चांगला असेल तर कमी. फुटिंगभोवती खोदलेली काळी माती परत भरू नका, मुरूम भरून पाणी मारून धुमसा. हे खोदकाम आषाढात काढू नका. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम, माती बसलेली असते आणि मे महिन्यासारखं काँक्रीट पाण्यावाचून करपत नाही.

समोरची अख्खी भिंत काढल्यावर घर त्या बाजूला आडव्या धक्क्याला हलकं पडतं, हेही इंजिनिअरला विचारा. आयएस १८९३:२०१६ या भूकंपाच्या कोडप्रमाणे नागपूर झोन दोनमध्ये, म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे. पण १९९३ मध्ये किल्लारीही सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यातच होतं. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट भिंत आणि कॉलम राखणं हा त्यावरचा साधा उपाय.

टेकू, चढवणं, टेकू काढणं

आधी कॉलम आणि फुटिंग पुरे करा, त्यांना पाणी मारा, तीन-चार आठवडे जाऊ द्या. भिंत तोपर्यंत जागेवरच. घाई करणारा ठेकेदार भिंत आधी फोडून कॉलम नंतर भरतो. त्याला नाही म्हणा.

मग टेकू. भिंतीच्या आतल्या बाजूला, स्लॅबखाली, जाड फळ्या घालून जॅकची रांग लावा. वरच्या खोलीतही गच्चीच्या स्लॅबखाली तशीच रांग, खालच्या रांगेच्या बरोबर वर, नाहीतर मधला स्लॅब चिरतो. समोरच्या भिंतीचं वजन पेलायला, स्लॅब बाहेर आलेला नसेल तर, भिंतीतून आडव्या सुया म्हणजे छोटे गर्डर आरपार घालून दोन्ही टोकांना जॅक लावावे लागतात. तीन मीटर उंचीच्या एका जॅकवर दीड टनाहून जास्त भरवसा मी ठेवत नाही. जमिनीवर प्रत्येक रांगेखाली फळी हवी. पार्किंगच्या नुसत्या फरशीवर जॅक ठेवला तर फरशी फुटते आणि जॅक खचतो. वरची खोली रिकामी करा, आणि त्या दिवसांत घरच्यांनी वर झोपायचं नाही.

भिंत काढताना घण नको, सब्बल आणि छिन्नीने वरून खाली. ३२० किलोंचा गर्डर चेन कुप्पीने चढतो. समोर मोकळी जागा असेल तर हायड्रा क्रेन बोलवा, पण वर विजेची तार आहे का ते आधी पाहा. चढवण्यापूर्वी ब्रशने गंज काढून प्राइमरचे दोन हात द्या. वर गेल्यावर मागची बाजू कधीच हाताशी येत नाही.

गर्डर आणि स्लॅबमध्ये इंचभर फट ठेवलेली असते. तिच्यात साधा सिमेंट-वाळूचा मसाला भरू नका, तो आकसतो. आधी दर दोन फुटांवर लोखंडी पाचरी ठोकून गर्डर स्लॅबला घट्ट लावा. पाचरी ठोकल्याने गर्डर थोडा आधीच खाली दबतो आणि पुढचा झोळ तेवढा कमी होतो. मग न आकसणारा ग्राउट सकाळी लवकर भरा, आणि पिशवीवर लिहिलेली मुदत पाळा.

टेकू काढण्याआधी गर्डरच्या खालून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत लाइनदोरी ताणा आणि मध्यावरची फट लिहून ठेवा. वरच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यांशी काचेच्या पट्ट्या प्लास्टरने चिकटवा. जॅक एकेक करून, मध्यापासून टोकांकडे, प्रत्येक फेरीत थोडे थोडे सैल करा. सगळे एकदम नाही. प्रत्येक फेरीनंतर दोरी पाहा. आठ मिमीच्या हिशेबाला सहा-सात मिमी आले तर काम ठीक चाललंय. जॅक पुरते निघण्याआधीच दहा मिमीच्या वर गेलं किंवा काच तडकली, तर परत कसा आणि इंजिनिअरला बोलवा.

शटर

४०० चा गर्डर आणि फट धरून स्लॅबखाली ४२५ मिमी जातात. खालची उंची ३ मीटर असेल तर गर्डरखाली २.५७ मीटर उरतात. शटरचा गुंडाळा गर्डरच्या मागे, आतल्या बाजूला घ्या, म्हणजे दाराची उंची खात नाही. गुंडाळ्याच्या ब्रॅकेट कॉलमवर बसवा, गर्डरला वेल्ड करू नका. वरून लटकणारं सरकतं दार असेल तर उरलेला चल भाराचा झोळ धरून रुळावर चार-पाच मिमी मोकळीक ठेवा. वारा विसरू नका. आयएस ८७५ मध्ये नागपूरचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. मे महिन्यातल्या वादळात १६ × ८ फुटांच्या शटरवर टनाहून जास्त जोर येऊ शकतो, म्हणून गाइड चॅनल विटांत नव्हे, कॉलममध्ये बोल्ट करायचे.

आणि शटरवाल्याला माप घ्यायला टेकू निघाल्यावरच बोलवा. आधी घेतलेलं माप गर्डर बसल्यावर सात-आठ मिमीने चुकतं, आणि मग तो गर्डरचाच फ्लँज ग्राइंडरने कापायला निघतो.